थोड्या कणांचा मोठा प्रश्न

हीलियमची दोन केंद्रके एकमेकांवर आदळून चिकटली की बेरिलियम-८ तयार होते, आणि तयार होताच मोडते. सेकंदाचा अब्जावा भाग घ्यावा, त्याचे पुन्हा एक कोटी भाग करावेत. त्यातला एक भाग म्हणजे साधारणपणे या केंद्रकाचे आयुष्य. मोडण्याचे कारण अगदी क्षुल्लक वाटावे असे आहे. दोन हीलियम केंद्रके सुटी असताना त्यांची मिळून जी ऊर्जा असते, तिच्याहून बेरिलियम-८ ची ऊर्जा फक्त ०.०९२ एमईव्हीने जास्त आहे. (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. केंद्रकाच्या जगातला हा रोजच्या व्यवहाराचा रुपया समजावा.) या केंद्रकातले आठ कण एकमेकांना ५६ एमईव्हीहून अधिक ऊर्जेने धरून आहेत. तेवढ्या मोठ्या हिशेबात नऊ पैशांची तूट पडली आणि केंद्रक टिकले नाही. ही तूट नसती तर ताऱ्यांमध्ये हीलियम ज्या संथपणे जळतो तसा जळला नसता, आणि विश्वातील कार्बन-ऑक्सिजनचा इतिहास निराळा झाला असता.

हलक्या केंद्रकांचा अभ्यास म्हणजे अशा बारीक हिशेबांचा अभ्यास. हायड्रोजनपासून निऑनपर्यंत, म्हणजे वीसेक कणांपर्यंतची केंद्रके या वर्गात धरण्याची रीत आहे. प्रत्येकाची एक तळपातळी असते आणि तिच्यावर उत्तेजित अवस्थांच्या असमान अंतराच्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीची ऊर्जा, तिचा स्पिन (स्वतःभोवतीचे परिवलन), तिची पॅरिटी (आरशातली सममिती) आणि तिचा टिकाव हे चार आकडे कळले की त्या केंद्रकाची कुंडली हाती आली म्हणायचे. शिशासारख्या जड केंद्रकात दोनशेहून अधिक कण असल्यामुळे सरासरीच्या नियमांवर बरेचसे भागते. हलक्या केंद्रकात सरासरी काढण्याइतके कण नाहीत, आणि कागद-पेन्सिलीने सुटावे इतके कमीही नाहीत. म्हणूनच केंद्रकीय बल नेमके कसे आहे याची खरी परीक्षा इथे होते.

सुरुवात सर्वांत साध्या जोडीपासून करू. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून ड्यूटेरॉन होतो. त्याची बंधनऊर्जा फक्त २.२२ एमईव्ही, आणि त्याला एकही बद्ध उत्तेजित अवस्था नाही; जिन्याला एकच पायरी. दोन न्यूट्रॉनांची किंवा दोन प्रोटॉनांची जोडी तर टिकतच नाही. १९३९ मध्ये राबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ड्यूटेरॉन पूर्ण गोल नाही, स्पिनच्या दिशेने किंचित लांबट आहे. दोन कणांमधले बल केवळ अंतरावर अवलंबून असते तर हा लांबटपणा आला नसता. कणांचे स्पिन त्यांना जोडणाऱ्या रेषेशी कसा कोन करतात यावरही बल ठरते, हे त्या छोट्या मोजमापातून निघाले. पुढच्या साऱ्या गुंतागुंतीचे मूळ तिथे आहे.

याच्या उलट टोकाला हीलियम-४, म्हणजेच अल्फा कण. चार कण, २८.३ एमईव्ही बंधनऊर्जा, आणि पहिली उत्तेजित अवस्था थेट २०.२ एमईव्हीवर. इतकी ऊर्जा दिल्यावर तो आधी प्रोटॉन टाकून मोकळा होतो. असा घट्ट गोळा आजूबाजूच्या केंद्रकांत दुसरा नाही. आणि तो इतका घट्ट असल्यामुळेच त्याच्या शेजाऱ्यांचे हाल होतात. पाच कणांचे एकही केंद्रक टिकत नाही, कारण अल्फा पाचव्या कणाला जवळ करत नाही. आठ कणांचेही एकही स्थिर केंद्रक नाही. बेरिलियम-८ चे दोन अल्फा होतात आणि लिथियम-८ सारखी बाकीची केंद्रके बीटा क्षयातून त्याच वाटेला लागतात. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मूलद्रव्ये घडत गेली ती हीलियमपाशी येऊन अडली आणि लिथियम नाममात्र झाले, त्याचे एक मोठे कारण पाच आणि आठ या दोन फटी.

मग कार्बन आला कुठून? या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते विसाव्या शतकातील विज्ञानाच्या सर्वांत देखण्या घटनांपैकी एक आहे.

१९५२ मध्ये एडविन सॉलपीटर यांनी सुचवले की ताऱ्याच्या गाभ्यात बेरिलियम-८ मोडत असले तरी सतत नवे घडतही असते, त्यामुळे कोणत्याही क्षणी त्याचा अल्पसा साठा शिल्लक असतो. त्यावर तिसरा अल्फा आदळला की कार्बन-१२. वाट बरोबर होती, पण वेग फार कमी पडत होता. फ्रेड हॉईल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, त्या वेळी कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत आले होते. त्यांनी हिशेब मांडला: ताऱ्यात कार्बन पुरेसा तयार व्हायचा आणि सगळाच पुढे ऑक्सिजनमध्ये जायचा नसेल, तर कार्बन-१२ ला तळापासून सुमारे ७.७ एमईव्हीवर एक पायरी असलीच पाहिजे. तिथल्या केलॉग प्रयोगशाळेत विल्यम फाउलर आणि इतर प्रायोगिकांना हे ऐकून नवल वाटले. ताऱ्यांचा अभ्यासक केंद्रकाची पायरी सांगतो म्हणजे काय! पण वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनांचा मारा करून पाहिले आणि १९५३ मध्ये ७.६८ एमईव्हीपाशी पायरी सापडली. १९५७ मध्ये फाउलर यांच्या गटाने बोरॉन-१२ च्या क्षयातून ती अवस्था तीन अल्फांमध्ये मोडते हेही दाखवले. जी मोडून तीन अल्फा होतात ती तीन अल्फांपासून घडूही शकते, एवढे त्यातून पक्के झाले. आजचा आकडा ७.६५ एमईव्ही. तीन सुट्या अल्फांच्या ऊर्जेहून ही पायरी फक्त ०.३८ एमईव्ही वर आहे.

या पायरीबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण तिचा नेहमी विपर्यास होतो. आपण जिवंत आहोत म्हणून ही पायरी असली पाहिजे, असे हॉईल यांनी म्हटल्याचे लोकप्रिय लेखांत वाचायला मिळते. १९५३ मध्ये त्यांचा हिशेब ताऱ्यांतील कार्बन-ऑक्सिजनच्या प्रमाणाचा होता. जीवसृष्टीचा युक्तिवाद त्याला पुढे कित्येक वर्षांनी चिकटवला गेला. मूळ हिशेब त्या दंतकथेहून जास्त मोलाचा आहे असे मला वाटते. १९८३ च्या नोबेलमध्ये फाउलर यांचे नाव आले, हॉईल यांचे आले नाही, याची खंत अनेक खगोलशास्त्रज्ञांना आजही आहे आणि ती रास्त आहे.

हॉईल पायरीवर पोहोचलेला कार्बन बहुतेक वेळा पुन्हा तीन अल्फांमध्येच मोडतो. दहा हजारांत सुमारे चार वेळाच तो गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी टाकून खाली उतरतो आणि कायमचा कार्बन होतो. आपल्या शरीरातला प्रत्येक कार्बन अणू या चारांपैकी आहे. २०२० मध्ये एका मोजमापातून चाराच्या जागी सहाच्या आसपास आकडा आला आणि बरीच खळबळ उडाली. नंतरच्या प्रयोगांनी बहुतांशी जुन्या आकड्याच्या बाजूने कौल दिला.

कार्बन वाचला तो मात्र ऑक्सिजनच्या कृपेने. कार्बन-१२ वर चौथा अल्फा आला की ऑक्सिजन-१६ होतो. त्यासाठीचा उंबरठा ७.१६ एमईव्हीवर आणि ऑक्सिजनची जवळची पायरी ७.१२ वर, म्हणजे उंबरठ्याच्या जराशी खाली. ती वर असती तर कार्बन झपाट्याने ऑक्सिजनमध्ये गेला असता. खाली असल्यामुळे ती तिथूनच थोडी मदत करते, आणि ही मदत नेमकी किती, हे पन्नास वर्षांहून अधिक काळच्या प्रयत्नांनंतरही हव्या त्या अचूकतेने मोजता आलेले नाही. ताऱ्याच्या तापमानाला ही प्रक्रिया इतकी विरळ होते की प्रयोगशाळेत ती थेट पाहणे अशक्यप्राय आहे. जास्त ऊर्जेवर मोजून खाली अंदाज बांधावा लागतो. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी काय उरते ते या एका आकड्यावर अवलंबून आहे. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची उधारी हीच.

आता रचनेचा प्रश्न. केंद्रकात कण राहतात कसे? १९३० च्या दशकापासून दोन चित्रे समोरासमोर आहेत. एकात केंद्रक म्हणजे अल्फांचे बांधकाम: बेरिलियम-८ मध्ये दोन, कार्बन-१२ मध्ये तीन, ऑक्सिजन-१६ मध्ये चार. जॉन व्हीलर यांनी १९३७ मध्ये, हाफस्टाड आणि टेलर यांनी १९३८ मध्ये हे चित्र गणिताने मांडले. दुसऱ्यात प्रत्येक कण सर्वांनी मिळून घडवलेल्या खळग्यात आपापल्या कक्षेत फिरतो आणि कक्षा भरत गेल्या की कवचे पूर्ण होतात. मारिया गेपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये या चित्राला पक्का पाया दिला. १९६५ मध्ये कोहेन आणि कुराथ यांनी त्याच पद्धतीने लिथियमपासून ऑक्सिजनपर्यंतच्या पायऱ्या बऱ्याच नेटकेपणाने जुळवून दाखवल्या, आणि एक पिढी कवच-चित्राच्या बाजूने झुकली. पण हॉईल पायरी त्या चित्रात बसेना. ती अवस्था कवचात घट्ट बसलेल्या कणांची नाहीच. तीन अल्फा एकमेकांपासून सैल होऊन पसरलेले असावेत अशी ती आहे. १९६८ मध्ये इकेडा आणि सहकाऱ्यांनी एक सोपा नियम सांगितला: केंद्रक ज्या ऊर्जेला तुकड्यांत फुटू शकते, त्या उंबरठ्याजवळच्या अवस्थांमध्ये तुकड्यांची रचना उघड होते. तळाशी कवच, उंबरठ्याशी गुच्छ. मला हा निवाडा पटतो. कोणते चित्र खरे, हा वाद मुळात चुकीच्या शब्दांत घातला गेला होता. एकाच केंद्रकाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर दोन्ही खरी असतात.

बेरिलियम-८ बाबत तर तळपातळीच गुच्छाची आहे, आणि याचा पुरावा मुंबईत मिळाला हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. दोन अल्फा शेजारी शेजारी म्हणजे व्यायामशाळेतल्या डंबेल्ससारखा आकार. असा आकार फिरू लागला की ठरावीक प्रमाणात पायऱ्या येतात. बेरिलियम-८ च्या पायऱ्या ३.०३ आणि ११.३५ एमईव्हीवर आहेत. आदर्श फिरत्या वस्तूसाठी दुसरी पहिलीच्या ३.३३ पट हवी. इथे ती ३.७५ पट येते. जवळ आहे, पण नुसत्या जवळ असण्याने सिद्ध होत नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना गॅमा किरण किती जोराने निघतो हे मोजले तर आकाराबद्दल खात्रीने बोलता येते. अडचण अशी की ती वरची अवस्था जवळजवळ नेहमी फुटतेच. काही दशलक्ष वेळांत एखाद्याच वेळी गॅमा निघतो. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा सामाईक पेलेट्रॉन त्वरक आहे. तिथे हीलियम वायूवर हीलियमचा झोत सोडून वि. म. दातार आणि सहकाऱ्यांनी तो गॅमा पकडला. २००५ मध्ये त्याची पहिली नोंद आली, आणि २०१३ मध्ये सुमारे तिपटीने अचूक मोजमाप. या केंद्रकाच्या डंबेल आकाराची ती पहिली विद्युतचुंबकीय खूण.

या सगळ्या पायऱ्यांची नोंद ठेवणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर वाटतो. १९४८ मध्ये हॉर्न्याक आणि टॉम लॉरिट्सन यांनी हलक्या केंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांचा पहिला मोठा आढावा छापला. १९५२ पासून त्या कामाला फे आयझेनबर्ग-सेलोव्ह जोडल्या गेल्या. १९२६ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेल्या, १९४० मध्ये जर्मन फौजा आल्यावर फ्रान्समधून कुटुंबासह निसटलेल्या या बाईंनी जवळपास चाळीस वर्षे जगभरचे प्रयोग वाचून, पारखून, परस्परविरोधी आकड्यांतून ग्राह्य आकडा निवडून एकेका केंद्रकाचा तक्ता तयार केला. १९७३ मध्ये लॉरिट्सन गेले, त्यानंतर त्यांनी हे काम एकटीने पेलले. स्त्री म्हणून नोकरीत झालेल्या अन्यायाविरुद्ध दादही मागितली आणि ती मिळवली. २००७ चे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. २०१२ मध्ये त्या गेल्या. शोध लावणाऱ्याचे नाव राहते आणि तक्ता करणाऱ्याचे विसरले जाते, हा विज्ञानातला जुना अन्याय आहे. आयझेनबर्ग-सेलोव्ह यांच्या तक्त्यांशिवाय पुढचा एकही सिद्धान्त तपासता आला नसता.

कारण पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाकांक्षी होता. दोन कणांमधले बल प्रयोगातून माहीत असेल, तर बाकी काहीही गृहीत न धरता केंद्रकाच्या पायऱ्या निव्वळ गणिताने काढता येतील का? इथे नागपूरचे नाव येते. १९४० मध्ये नागपुरात जन्मलेले आणि टाटा संस्थेत घडलेले विजय पंढरीपांडे १९७० च्या दशकापासून अमेरिकेत अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठात होते. रॉबर्ट विरिंगा आणि जो कार्लसन हे त्यांचे विद्यार्थी. अरगॉन प्रयोगशाळेतले स्टीव्हन पायपर पुढे त्यांना मिळाले. या गटाने क्वांटम मॉन्टे कार्लो पद्धतीने हलकी केंद्रके एकेक करून सोडवायला घेतली. काम किती वाढत जाते ते पाहा: हीलियम-४ मध्ये चार कणांचे स्पिन आणि त्यांची प्रोटॉन-न्यूट्रॉन वाटणी मिळून ९६ शक्यता होतात. कार्बन-१२ मध्ये त्याच सुमारे ३८ लाख. प्रत्येक शक्यतेसाठी सर्व कणांच्या जागांचे गणित वेगळे. महासंगणकांशिवाय हे होणेच नव्हते.

१९९५ मध्ये आलेले अरगॉनचे द्विकण बल टकरींच्या सुमारे ४,३०० मोजमापांना उत्तम लागू पडत होते. तेच बल हीलियम-४ ला लावले तर बंधनऊर्जा २४ एमईव्हीच्या आसपास येते, खरी २८.३. तीन कणांच्या ट्रिटियममध्ये ८.५ ऐवजी ७.६. चूक संगणकाची नव्हती. तिसरा कण जवळ असताना दोघांमधले बल बदलते, म्हणजे तिघांचे मिळून एक वेगळे बल असते, ते हिशेबात धरले पाहिजे. पंढरीपांडे यांच्या गटाने या त्रिकण बलाची जी रूपे मांडली ती अर्बाना आणि इलिनॉय या नावांनी ओळखली जातात. ती घातल्यावर दहा-बारा कणांपर्यंतच्या पायऱ्या बहुतेक ठिकाणी अर्ध्या एमईव्हीच्या आतबाहेर जुळू लागल्या. आणि गंमत म्हणजे गणितात दोन अल्फा गृहीत धरलेले नसताना बेरिलियम-८ मध्ये ते आपोआप अवतरले.

त्रिकण बलाची गरज बोरॉन-१० मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. द्विकण बल तिथे तळपातळीच चुकीची सांगते; स्पिन ३ ऐवजी स्पिन १ तळाला येतो. दुसरे उदाहरण वाचकाच्या ओळखीचे आहे. इनामगावच्या उत्खननातल्या कोळशाचे वय ज्या कार्बन-१४ ने ठरवले, त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. असा बीटा क्षय एरवी फार लवकर उरकतो. हीलियम-६ चा सेकंदाच्या आत होतो. कार्बन-१४ मध्ये त्याला चालना देणारे हातभार एकमेकांना जवळजवळ पूर्ण छेदून टाकतात. २०११ मध्ये महासंगणकावर केलेल्या गणितात असे दिसले की त्रिकण बल घेतल्याशिवाय ही छाटणी पुरेशी होत नाही. पुरातत्त्वाचे घड्याळ तीन कणांच्या एकत्र वागण्यावर चालते, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नव्हतो.

मधल्या काळात प्रयोगशाळांनी नवे प्राणी आणून उभे केले. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कलेत लिथियम-११ मोजले तर ते अपेक्षेहून फार मोठे निघाले. त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन फक्त ०.३७ एमईव्हीने बांधलेले आहेत आणि गाभ्याच्या बाहेर दूरवर प्रभामंडळासारखे पसरतात. लिथियम-१० टिकत नाही, दोन न्यूट्रॉनांची जोडी टिकत नाही, पण तिघे मिळून टिकतात. एक कडी काढली की बाकीच्या दोन सुट्या होणाऱ्या बोरोमियन कड्यांचे नाव अशा केंद्रकांना मिळाले. हीलियम-६ असेच. लेसरने मोजल्यावर त्याच्या विद्युतभाराची त्रिज्या २.०५ फर्मी (केंद्रकाच्या जगातले लांबीचे माप) निघाली. साध्या हीलियम-४ ची १.६८. बाहेरच्या न्यूट्रॉनांच्या ओढीने आतला अल्फा डोलतो, म्हणून ही वाढ. हीलियम-८ मध्ये चार न्यूट्रॉन बाहेर असूनही त्रिज्या १.९३ एवढीच, कारण चौघे अधिक सम वाटले गेल्याने डोलणे कमी. बेरिलियम-११ ने तर कवच-चित्राला सरळ धक्का दिला: जी पायरी वर असायला हवी ती तळाला आहे आणि तळाची ०.३२ एमईव्हीवर गेली आहे.

हॉईल पायरीचा आकारही अजून पूर्ण उलगडलेला नाही. २०११ मध्ये एपेलबाउम, क्रेब्स, ली आणि माइस्नर यांनी अवकाशाची जाळी करून ती प्रथमच मूळ बलांपासून काढली. पुढच्या वर्षी त्यांना तळपातळीत अल्फांचा आटोपशीर त्रिकोण आणि हॉईल पायरीत वाकलेल्या हातासारखी रचना दिसली. सैल वायूसारखे तीन अल्फा एकाच अवस्थेत, असे चित्र जपानी आणि जर्मन सिद्धान्तकारांनी २००१ मध्ये मांडले होते. त्याचेही पुरस्कर्ते आहेत. २०१६ मध्ये हंगेरीतील गटाने बेरिलियम-८ च्या १८.१५ एमईव्ही पायरीच्या क्षयात नव्या मूलकणाची चाहूल लागल्याचे म्हटले. स्वित्झर्लंडमधील एमईजी-२ प्रयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या निकालात ती दिसली नाही. स्वतंत्र प्रयोगांनी दुजोरा दिल्याखेरीज नवा कण मानू नये, असे मला वाटते. चार न्यूट्रॉनांच्या समूहाची २०२२ मध्ये जपानमध्ये मिळालेली खूण अधिक भक्कम आहे, पण तो समूह बद्ध नाही.

पंढरीपांडे जानेवारी २००६ मध्ये गेले, मुंबईचे दुसरे मोजमाप येण्याच्या सात वर्षे आधी. त्या २०१३ च्या निबंधात मुंबईच्या आकड्याशेजारी जे गणित आहे ते विरिंगा यांच्या सहभागाने, त्रिकण बल घेऊन केलेले आहे.

आयझेनबर्ग-सेलोव्ह यांच्यानंतर तक्त्यांचे काम अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ट्रँगल युनिव्हर्सिटीज प्रयोगशाळेने चालू ठेवले आहे, आणि ते इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने त्यातला कार्बन-१२ चा तक्ता एकदा उघडावा आणि ७.६५ ची ओळ शोधावी.